शेवटचा हात

मुंबईत जहांगीर कलादालनाबाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसणाऱ्या चित्रकारांच्या हाताशी एक फडकं असतं. रेलिंगला टेकवलेल्या, दोरीने टांगलेल्या कॅनव्हासांवरून ते दिवसभर फिरत राहतं. रस्त्यावरून बस गेली की धूळ उठते आणि थोड्या वेळात चित्रांवर येऊन बसते. अशाच एका दुपारी मी गडद निळ्या पार्श्वभूमीवरच्या एका गणपतीपाशी थांबले. चित्रकाराने फडकं फिरवलं, वरची धूळ गेली. पण ब्रशच्या फटकाऱ्यांनी उठलेल्या खाचांमधला करडेपणा तसाच राहिला. जवळून पाहिलं तर ती धूळ रंगात रुतलेली होती.

"दादा, यावर वॉर्निश दिलंय का?"

"स्प्रे मारलाय ना, ताई. क्लिअर. दोन हात दिलेत."

स्टुलाखालून त्यांनी डबा काढून दाखवला. डब्यावर मोटारसायकल, खिडकीचं ग्रिल आणि फ्रिज छापलेले. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पारदर्शक लॅकर. चित्रकारांसाठी बनवलेला वॉर्निशचा डबा याच्या कितीतरी पट महाग पडतो आणि फुटपाथवर विकल्या जाणाऱ्या चित्राच्या भावात तो बसत नाही, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. हिशेब खरा होता. चित्र चकचकीत दिसतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि चार-सहा वर्षांनी त्या चकाकीचं काय होतं हे पाहायला ते परत फुटपाथवर येत नाही.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'टिकवणं' हा विषय दिला, तेव्हा मी हा डबा निवडला. महाराष्ट्रात आज जितकी चित्रं काढली जातात त्यांतली फार मोठी संख्या ॲक्रिलिकची आहे. छंदवर्गात, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, कलामहाविद्यालयात, निवृत्तीनंतर ब्रश हाती धरलेल्या आजोबांच्या गॅलरीत, सगळीकडे तेच. रंग लवकर वाळतो, ब्रश पाण्याने धुता येतो, घरात तेलाचा वास पसरत नाही. आणि चित्र पूर्ण झालं की बहुतेकांचा शेवटचा हात स्प्रेचा असतो. रंगाबद्दल, कागदाबद्दल, ब्रशबद्दल तासन् तास बोलणारी माणसं या शेवटच्या हाताबद्दल मात्र "कुठलाही क्लिअर चालतो" एवढ्यावर थांबतात. कुठलाही चालत नाही. चित्राचं पुढचं आयुष्य बऱ्याच अंशी त्या डब्यात ठरतं, आणि डबा धरणाऱ्याच्या फुप्फुसांचाही त्याच्याशी संबंध आहे.

रंग वाळतो तेव्हा

तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेत महिनोन्महिने घट्ट होत जातो. ॲक्रिलिकची रीत वेगळी. ट्यूबमध्ये ॲक्रिलिक रेझिनचे डोळ्यांना न दिसणारे गोळे पाण्यात तरंगत असतात आणि त्यांच्यामध्ये रंगद्रव्य मिसळलेलं असतं. पाणी उडून जातं तसे गोळे जवळ येतात, दबतात आणि एकजीव होतात. भिजवलेला साबुदाणा वाफेवर एकमेकांना धरतो, पण मधल्या बारीक फटी पूर्ण बुजत नाहीत, तसाच हा थर. वरून सलग दिसला तरी आत सूक्ष्म वाटा राहतात. रंग पाण्यात नीट मिसळून राहावा म्हणून त्यात साबणाच्या जातीची काही द्रव्यं घातलेली असतात. रंग वाळल्यावर ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि एक किंचित चिकट, निस्तेज पापुद्रा तयार होतो.

त्यात भर मऊपणाची. वाळलेला ॲक्रिलिकचा थर थंडीत ताठर आणि उकाड्यात नरम होतो. कडाक्याच्या थंडीत गुंडाळलेला कॅनव्हास उलगडताना तडा जातो तो याच गुणामुळे. आपल्याकडे त्याची दुसरी बाजू जास्त भोवते. मे महिन्यात मुंबईतल्या बंद खोलीत किंवा टेंपोत हा थर इतका मऊ होतो की धूळ त्यात रुतून बसते आणि बबल रॅपचे फुगे चित्रावर गोल ठसे उमटवतात. चित्र पाठवताना बुडबुड्यांची बाजू थेट रंगावर ठेवणं म्हणूनच टाळावं. मध्ये ग्लासिन किंवा सिलिकॉनचा हात दिलेला, न चिकटणारा कागद घालावा.

या माध्यमाचं वयही लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेत लेनर्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांनी टर्पेंटाइनमध्ये विरघळणारा 'मॅग्ना' हा ॲक्रिलिक रंग चाळीसच्या दशकाच्या शेवटी आणला. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक हेन्री लेव्हिसनच्या 'लिक्विटेक्स'ने १९५५मध्ये चित्रकारांच्या हाती दिला. आपल्याकडे चित्रकार रझा पुढे ॲक्रिलिककडे वळले, त्यांचं १९८३चं 'सौराष्ट्र' ॲक्रिलिकमध्येच आहे. तय्यब मेहतांचं 'सेलिब्रेशन'ही ॲक्रिलिकचं. तैलचित्रांचं वॉर्निश कसं लावायचं, कसं काढायचं याचा अनुभव पाचेकशे वर्षांचा आहे. ॲक्रिलिकचा सत्तरच वर्षांचा. तैलचित्र साफ करताना जी द्रावणं चालतात त्यांतली बरीचशी ॲक्रिलिकला विरघळवून टाकतात, त्यामुळे जुना शहाणपणा इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

वॉर्निशने तीन कामं करावीत अशी अपेक्षा असते. मऊ रंगावर जरा कठीण, कमी चिकट कवच यावं. चित्रभर एकसारखी झाक यावी, कारण काही रंग चमकतात आणि मातकट रंग सुकल्यावर कोरडे पडतात, अशी विषमता ॲक्रिलिकमध्ये हमखास असते. आणि गडद रंगांना त्यांची ओल्या असतानाची खोली परत मिळावी. खरबरीत पृष्ठभागावर प्रकाश इकडेतिकडे विखुरतो म्हणून सुकलेला काळा करडा दिसतो. वॉर्निश तो खरबरीतपणा भरून काढतं आणि काळा पुन्हा काळा होतो.

फळीवरचे डबे

फोर्टातल्या रंगसाहित्याच्या एका दुकानात मी बराच वेळ नुसती उभी राहून गिऱ्हाइकांचं ऐकत होते. "सर, स्प्रे द्या चित्रावर मारायचा" या मागणीला दुकानदार कधी फिक्सेटिव्ह देत होता, कधी वॉर्निश. विचारणाऱ्यालाही फरक ठाऊक नव्हता आणि गर्दीत समजावून सांगायला सवड नव्हती.

फिक्सेटिव्ह कोळशाच्या आणि पेस्टलच्या चित्रांसाठी असतं. त्यात रेझिन अगदी थोडं. सुटी भुकटी कागदाला धरून राहावी एवढंच त्याचं काम. ते चित्राचा भाग होऊन जातं, पुन्हा काढता येत नाही, आणि ॲक्रिलिकवर मारलं तर संरक्षण म्हणावं असं त्याने काही मिळत नाही. वॉर्निश त्याच्याच शेजारी, जवळपास तशाच दिसणाऱ्या डब्यात. त्यात चकचकीत, सॅटिन आणि मॅट असे प्रकार.

मॅटबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही आणि ती सांगायलाच हवी. मॅट वॉर्निशमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात, ते प्रकाश विखुरतात म्हणून चमक मरते. एक हात सुंदर दिसतो. तीन-चार हात चढले की ते कण एकावर एक साचून चित्रावर धुकट थर दिसू लागतो आणि गडद रंगांचा जीव जातो. त्यामुळे मॅट हवं असलं तरी आधीचे हात चकचकीत वॉर्निशचे द्यावेत आणि फक्त शेवटचा मॅटचा. डबा नीट हलवला नाही तर हे कण तळाशी बसून राहतात. मग चित्राच्या डाव्या बाजूला चमक आणि उजवीकडे डबा संपत येताना पांढुरका मॅट, असा प्रकार होतो.

हार्डवेअरच्या दुकानातली फळी वेगळी. तिथे एनसी लॅकर, पीयू, मेलामाइन, आणि नुसतं 'क्लिअर'. फर्निचरवाल्यांच्या आणि गाड्यांच्या पॉलिशवाल्यांच्या कामाच्या या चिजा आहेत आणि त्या कामात त्या उत्तम आहेत. लाकूड ताठ असतं, पत्रा ताठ असतो. कॅनव्हास हवेतल्या दमटपणाबरोबर ढिला होतो, ताणला जातो, बोट लागलं तरी हलतो. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ते काळाबरोबर पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. ते इतकं कठीण होतं की खालचा मऊ रंग एकीकडे हलतो, वरचा थर दुसरीकडे अडतो आणि मध्ये तडे जातात. शिवाय अशा डब्यांत टोल्युइन, झायलिन, ॲसिटोन अशी तिखट द्रावणं असतात. थोड्या जवळून फवारलं तर ती ॲक्रिलिकचा वरचा थर लगेच मऊ करतात. बारीक रेषेचं काम असेल तर तिच्या कडा पसरलेल्या दिसतात.

डब्यावर 'यूव्ही' लिहिलेलं दिसलं की पालक आणि छंदवर्गातले विद्यार्थी तोच उचलतात. अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं त्यात खरोखर असतात, पण त्यांचा उपयोग थराच्या जाडीवर अवलंबून आहे. स्प्रेचा एक हात फार पातळ बसतो, त्यामुळे एखाद-दोन हातांनी ते काम होत नाही. आणि रंगच कच्चा असेल, विशेषतः फ्लुओरोसंट गुलाबी आणि पोपटी, तर कुठलंही वॉर्निश त्याला पक्का करू शकत नाही. उडण्याचा वेग तेवढा कमी होतो. रंगाच्या ट्यूबवर टिकाऊपणाची खूण असते, ती विकत घेतानाच पाहणं जास्त कामाचं.

निघेल तोच थर

चित्रसंवर्धनाचं काम करणाऱ्या एका बाईंकडे मी गेले. टेबलावर एक मध्यम आकाराचा कॅनव्हास उताणा ठेवला होता, समुद्राचं चित्र, पंधराएक वर्षांपूर्वीचं. समुद्र आता शेवाळी दिसत होता. वरच्या पारदर्शक थराने पिवळेपणा धरला होता आणि त्याखाली निळा अडकला होता. कशाचा थर आहे हे मालकाला ठाऊक नव्हतं. चित्रकाराला आठवत नव्हतं.

बाईंनी बांबूच्या काडीला कापूस गुंडाळला, मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवून झटकला आणि कडेच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर हलकेच फिरवला. कापूस पांढरा राहिला. दुसऱ्या काडीवर जरा तीव्र द्रावण. तोही पांढरा. तिसऱ्यावर अल्कोहोल होतं. या वेळी कापसावर पिवळट डाग आला आणि त्याच्या मधोमध निळा.

"आता थांबायचं," त्या म्हणाल्या. "वॉर्निश निघतंय, पण रंग बरोबर घेऊन निघतंय."

इथे सगळा विषय एकवटतो, असं मला वाटतं. वॉर्निश कधी ना कधी मळणार, त्याच्यावर धूळ, उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातली वाफ बसणार. ते मळावं यासाठीच लावलेलं असतं, म्हणजे रंग मळत नाही. पण मळल्यावर ते रंगाला धक्का न लावता उतरवता यायला हवं. म्हणून डबा निवडताना पहिला प्रश्न चमकेचा नसावा. हे कशाने निघतं आणि त्याच गोष्टीने माझा रंगही निघतो का, हा प्रश्न आधी विचारावा. ॲक्रिलिकवर अल्कोहोल, ॲसिटोन, थिनर ही घातक. मिनरल टर्पेंटाइन, ज्याला रंगाच्या दुकानात एमटीओ म्हणतात, त्या मानाने सौम्य. त्यामुळे एमटीओच्या जातीच्या द्रावणात विरघळणाऱ्या रेझिनचं वॉर्निश ॲक्रिलिकला सोयीचं पडतं. गोल्डन कंपनीचं 'एमएसए' वॉर्निश याच तत्त्वावरचं आहे, आणि ते स्प्रेच्या डब्यातही येतं. गॅम्बलिन कंपनीचं 'गॅमव्हार' वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधले संवर्धनशास्त्रज्ञ रेने द ला री यांच्या संशोधनातून आलं. सौम्य द्रावणाने निघावं आणि पिवळं पडू नये, हाच त्यामागचा शोध. ते मात्र ब्रशने लावायचं. कुठल्याही डब्यावर 'रिमूव्हेबल' हा शब्द आणि ते कशाने काढायचं याची सूचना छापलेली नसेल, तर तो डबा परत फळीवर ठेवावा.

रंग आणि वॉर्निश यांच्यामध्ये आणखी एक थर देण्याची पद्धत आहे, 'आयसोलेशन कोट'. हा थर ॲक्रिलिकचाच, पारदर्शक आणि कायमचा. उद्या वरचं वॉर्निश काढताना कापूस थेट रंगाला लागू नये आणि चित्रात कुठे रंग जास्त शोषणारा, कुठे कमी असेल तर तो फरक बुजावा, यासाठी. गोल्डनची यासाठीची जुनी कृती सोपी आहे: चकचकीत सॉफ्ट जेल दोन भाग, पाणी एक भाग, आणि रुंद मऊ ब्रशने न फेसाळता एक सलग हात. चित्रात पेन्सिल, कोळसा किंवा शाई उघडी असेल तर ब्रशने ती पसरते, तिथे मात्र एअरब्रशची गरज लागते. सगळे चित्रकार हा थर देत नाहीत. काहींना त्याने चित्राचा स्पर्श बदलल्यासारखा वाटतो, आणि तो एकदा दिला की परत घेता येत नाही हेही खरं. पण विकत जाणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या चित्राला तो असावा असं माझं मत आहे.

समुद्राचं चित्र बाईंनी तसंच ठेवलं. वरची धूळ काढून, पिवळेपणासह. त्यातला निळा आता कुणालाच सुटा करता येणार नाही.

पावसाळ्यातला पेच

डोंबिवलीतल्या एका चित्रकार मैत्रिणीचं प्रदर्शन जुलैत होतं. मुंबईत चांगल्या दालनाची तारीख मिळवायला लोक वर्षं मोजतात, जी मिळेल ती घ्यावी लागते. चित्रं जूनमध्ये पूर्ण झाली आणि पाऊस सुरू झाला. तिने एका उघडिपीच्या दुपारी गॅलरीत काळसर रंगाच्या चित्रावर स्प्रे मारला. मिनिटभरात चित्रावर पांढरट सावट चढलं आणि तसंच राहिलं.

यात डब्याचा दोष नव्हता. डब्यातून बाहेर पडणारा वायू प्रसरण पावतो आणि थंड होतो. द्रावण उडून जातानाही पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतं. चित्राचा पृष्ठभाग काही क्षण आसपासच्या हवेपेक्षा गार होतो. हवेत बाष्प काठोकाठ भरलेलं असलं की ते तिथे दवासारखं उतरतं, अर्धवट ओल्या वॉर्निशमध्ये अडकतं आणि थर पांढुरका पडतो. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हा धोका उभा राहतो, आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी हवा कोरडी झालेली नसते. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळवजा यंत्र काही शे रुपयांत मिळतं. स्प्रेच्या दुसऱ्या डब्यापेक्षा ते आधी घ्यावं.

मग चित्र एसीच्या खोलीत नेऊन फवारायचं का? एसी हवा कोरडी करतो हे खरं, पण बंद खोलीतली तीच हवा फिरवत राहतो. द्रावणाची वाफ बाहेर जात नाही, खोलीत साठते. खिडकी उघडली की दमटपणा आत, बंद केली की विषारी वाफ आत. मुंबईकर चित्रकाराचा पावसाळी पेच तो हा. यावर दोनच समंजस वाटा मला दिसल्या. एक, थांबायचं. प्रदर्शनाला चित्र वॉर्निशविना लावायचं आणि दसऱ्यानंतर हवा सुकली की हात द्यायचा. दुसरी, एसीच्या खोलीत पाण्यावर आधारित वॉर्निश ब्रशने लावायचं आणि स्प्रेचा हट्ट सोडायचा.

पांढुरकं पडलेलं चित्र वाचतं का? पुष्कळदा वाचतं. माझ्या मैत्रिणीने ते नोव्हेंबरपर्यंत भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि कोरड्या सकाळी त्याच वॉर्निशचा एक हलका हात दिला. ताज्या द्रावणाने खालचा थर क्षणभर पुन्हा ओला झाला, अडकलेलं बाष्प सुटलं, काळा परत आला. लगेच त्याच दमट दिवशी घाईने दुसरा हात मारला असता तर सावट दाट झालं असतं.

रंग पूर्ण वाळण्याचाही हवेशी संबंध आहे. ॲक्रिलिक तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतलं पाणी बाहेर पडायला पातळ थराला काही दिवस आणि पॅलेट नाइफने लावलेल्या जाड थराला काही आठवडे लागतात. पावसाळ्यात त्याहून जास्त. आत पाणी असताना वरून झाकण घातलं की थर धुकट राहतो.

गच्चीवर

डिसेंबरात कोथरूडला एका चित्रकाराकडे मी प्रत्यक्ष काम पाहिलं. पुण्यातली हिवाळ्यातली हवा या कामाला फार चांगली. सकाळचे दहा, दव उडून गेलेलं, वारा अजून सुटलेला नव्हता. गच्चीच्या कोपऱ्यात फ्रिजच्या खोक्याच्या तीन बाजू उभ्या करून त्यांनी आडोसा केला होता आणि आत कॅनव्हास किंचित मागे कललेला. आदल्या संध्याकाळी गच्ची झाडून पाणी मारून ठेवलं होतं, धूळ उडू नये म्हणून. कबुतराची पिसं वेचली होती.

त्यांनी डबा हलवायला सुरुवात केली. आतली गोळी खडखडायला लागल्यानंतरही दोन मिनिटं हलवत राहिले. मग पहिला फवारा चित्रावर मारला नाही, त्याच रंगांनी रंगवलेल्या एका जुन्या तुकड्यावर मारला. नोझलमधून सुरुवातीला थेंब येतात, ते तिथे पडले. त्याच तुकड्यावर थर वाळून कसा दिसतो ते पाहिल्यावरच ते चित्राकडे वळले.

चित्रापासून वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर, साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. फवारा कॅनव्हासच्या कडेबाहेर सुरू, चित्रावरून सरळ एका वेगात, आणि पलीकडच्या कडेबाहेर गेल्यावर बोट सुटणार. चित्राच्या मध्ये बोट दाबलं किंवा सोडलं तर तिथे डाग पडतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. हात मनगटातून वळत नव्हता, खांद्यातून सरकत होता, म्हणजे कडांजवळ अंतर वाढत नाही. फार जवळून मारलं तर ओघळ येतात. फार लांबून मारलं तर थेंब हवेतच सुकतात आणि चित्रावर खरखरीत भुकटी बसते. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर ती बारीक वाळूची खरखर कळते.

पहिला हात आडवा. तो वाळल्यावर दुसरा उभा. तिसरा, सॅटिनचा, पुन्हा आडवा. प्रत्येक हात इतका पातळ की दिसावा की न दिसावा. ते दर वेळी गुडघ्यावर बसून चित्राकडे कडेने, उन्हाच्या तिरपेत पाहत. चुकलेली जागा समोरून कधी दिसत नाही, तिरक्या प्रकाशात कोरडी उठून दिसते. शेवटी डबा उलटा धरून नुसता वायू बाहेर येईपर्यंत फवारला, नोझल मोकळं झालं. मग चित्र आत नेलं, भिंतीकडे तोंड करून, जमिनीपासून वर.

ब्रशच्या मानाने स्प्रेचं वैशिष्ट्य मला तिथे नीट समजलं. चित्राला स्पर्श होत नाही. जाड उठावाच्या खाचांमध्ये वॉर्निश साचून राहत नाही. पेन्सिलची, शाईची रेघ पुसटत नाही. पण थर पातळ असतो, निम्मं वॉर्निश खोक्यावर आणि हवेत जातं, आणि डबा महाग असतो. मोठ्या, सपाट, उठाव नसलेल्या चित्राला ब्रशच बरा.

श्वासातून जाणारं

त्या गच्चीवर चित्रकाराच्या तोंडावर रबरी मास्क होता, दोन बाजूंना काळ्या डब्या असलेला. मी त्यांच्यापासून दहा फूट दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी होते. जवळ येऊ नका असं त्यांनी बजावलं होतं.

कोविडनंतर प्रत्येक घरात एन-९५ मास्क आहे आणि लोक तोच लावून स्प्रे मारतात. एन-९५ थेंब आणि कण अडवतो. द्रावणाची वाफ त्यातून सरळ आत जाते. तिच्यासाठी सक्रिय कोळशाचं काडतूस लागतं, सेंद्रिय वाफेसाठीच्या काडतुसाची खूण पुष्कळदा काळी असते, आणि त्याच्यापुढे थेंबांसाठी वेगळी जाळी. काम झाल्यावर काडतुसं घट्ट पिशवीत बंद करायची, नाहीतर उघड्यावरही कोळसा हवेतलं शोषत राहतो आणि संपतो. मास्क लावून वास यायला लागला तर काडतूस संपलं किंवा मास्क नीट बसला नाही. दाढी असेल तर तो बसतच नाही.

टोल्युइनसारखी द्रावणं मज्जासंस्थेवर परिणाम करतात. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं ही पहिली चिन्हं आहेत. ती दिसली तर काम सोडून मोकळ्या हवेत जावं, चहा पिऊन पुन्हा बसू नये. गरोदर बाईने, दमेकऱ्याने हे काम स्वतः करू नये आणि ते चालू असताना घरात थांबूही नये. छंदवर्गात चाळीस मुलांसमोर शिक्षक वर्गातच डबा फवारतात हे मी पाहिलं आहे, आणि ते बंद व्हायला हवं. सगळ्या चित्रांवर शाळेच्या मोकळ्या आवारात, मुलं घरी गेल्यावर हात देता येतो.

वासापेक्षा आगीचा धोका लोकांना कमी ठाऊक आहे. बहुतेक डब्यांत फवारा ढकलणारा वायू म्हणजे ब्युटेन-प्रोपेन, घरातल्या सिलिंडरमधलाच गॅस, किंवा डायमिथिल ईथर. दोन्ही पेटतात, आणि दोन्ही हवेपेक्षा जड आहेत. ते वर जात नाहीत, जमिनीलगत पसरत खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचतात. तिथे देवघरातली समई असते, मच्छरअगरबत्ती असते, गॅसची शेगडी असते, फ्रिज आपोआप चालू-बंद होताना ठिणगी पडते. साधा एक्झॉस्ट पंखाही ठिणगी देऊ शकतो. दिवाळीच्या तोंडावर घरोघर आकाशकंदील, पणत्या, भेटीची चित्रं रंगवणं चालू असतं आणि त्याच गॅलरीत पणत्या लागलेल्या असतात. त्या आठवड्यात स्प्रे सकाळी आणि गच्चीवर. संध्याकाळी नको.

डबा ५० अंशांच्या वर तापू देऊ नये असं त्यावर लिहिलेलं असतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो सहज तापतो. विमानातून तो साध्या पार्सलसारखा पाठवता येत नाही म्हणून ऑनलाइन मागवलेला डबा रस्त्याने, सावकाश येतो. रिकामा वाटणाऱ्या डब्यातही वायू उरतो. त्याला खिळा मारू नये, शेकोटीत किंवा होळीत टाकू नये. २०१६च्या घनकचरा नियमांनी रंगाचे टाकाऊ डबे घरगुती धोकादायक कचऱ्यात धरले होते. निदान वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून द्यावा, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात तो फुटणार नाही.

जिथे हात आवरावा

पालघर जिल्ह्यातल्या वारली चित्रांबाबत मला विशेष सांगायचं आहे. शेणाने सारवलेल्या कापडावर पांढरी रेघ, ही आता पुष्कळदा ॲक्रिलिकची असते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची कितीतरी चित्रं शेण आणि ॲक्रिलिक अशा जोडीची आहेत. त्या मातकट, कोरड्या जमिनीवर वॉर्निश मारलं तर रेझिन तिच्यात मुरतं. जमीन काळपट पडते, तीही ठिकठिकाणी वेगवेगळी, आणि मुरलेलं रेझिन पुढे कुणालाही पूर्ण काढता येत नाही. पर्यटकांसाठीच्या दुकानांत ही चित्रं "लॅमिनेशन केल्यासारखी" चकचकीत करून मिळतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. शेणाच्या जमिनीचा तो कोरडा, सुका भाव हेच त्या चित्राचं अंग आहे. तिथे वॉर्निश नको. काचेची फ्रेम करावी, काच आणि चित्र यांच्यात माउंटची जागा ठेवून.

पातळ रंगाने कच्च्या कॅनव्हासवर डाग पाडल्यासारखी केलेली चित्रंही अशीच. कागदावरचं ॲक्रिलिक काचेमागे जाणारच असेल तर त्यालाही बहुतेकदा वॉर्निश लागत नाही. आणि बुरशी आलेल्या चित्रावर तर कधीच नाही. ती वॉर्निशखाली मरत नाही, कॅनव्हासच्या मागून ओल घेत वाढते.

कोथरूडच्या त्या चित्रकारांनी काम संपल्यावर कॅनव्हासच्या मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलने लिहिलं: रंग कुठल्या कंपनीचा, आयसोलेशन कोट आहे, वॉर्निशचं नाव, चकचकीत दोन हात आणि सॅटिन एक, महिना आणि साल. खाली, "एमटीओने निघतं." कापडावर ते लिहीत नाहीत, शाई पुढे उमटते. फ्रेमवाले चित्राच्या पाठीला कागद चिकटवतात आणि हा मजकूर झाकला जातो, म्हणून त्याची दुसरी प्रत ते बिलाबरोबर देतात आणि ती फ्रेमच्या पाठीवर, कागदाच्या वरून चिकटवून घ्यायला गिऱ्हाइकाला सांगतात.